तुकडा एकच, नावं दोन: अडीच वर्षांच्या भाच्याच्या रिपोर्टविषयी

प्रश्न : माझा भाचा अडीच वर्षांचा आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात. दीड महिना सकाळी उठला की त्याला उलटी व्हायची. जंतांचं औषध झालं, ॲसिडिटीचं झालं. मग चालताना झोकांड्या जायला लागल्या. नाशिकला सिटी स्कॅन केला तेव्हा लहान मेंदूत गाठ आणि मेंदूत पाणी निघालं. बारा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं. गाठ बहुतेक सगळी निघाली, म्हणाले. पहिल्या लॅबचा रिपोर्ट 'मेड्युलोब्लास्टोमा'. आमच्या सर्जननी स्लाइड दुसरीकडे दाखवायला सांगितल्या, तर तिथले म्हणतात, 'आयएनआय-१ केल्याशिवाय नाव देणार नाही, एटीआरटी असू शकतो.' तुकडा एकच, मग नावं दोन कशी? या नादात दिवस चाललेत. मुंबईला न्यावं का? एवढ्याशा पोराला शेक (रेडिएशन) देतात का? आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने बोलणंच सोडलंय, ते कशामुळे?

उत्तर :

दादा, दुसऱ्या लॅबवर चिडू नका. मेड्युलोब्लास्टोमा आणि एटीआरटी (ॲटिपिकल टेराटॉइड ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर) ही दोन्ही लहान मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगाच्या गाठींची नावं, आणि आयएनआय-१ ही त्या वेगळ्या ओळखायची तपासणी. अडीच वर्षांच्या मुलाच्या लहान मेंदूतली गाठ आयएनआय-१ न पाहताच 'मेड्युलोब्लास्टोमा' म्हणून सही करून दिली, तर तिथे घोळ होऊ शकतो. तुमच्या सर्जननी स्वतःहून स्लाइड दुसरीकडे पाठवल्या, म्हणजे त्यांनाही ते खटकलं असणार. मी नाशकात बावीस वर्षं मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करतोय. तुमच्या भाच्याचे फोटो किंवा स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्याला नेमकं काय आहे ते मी सांगणार नाही. पण तुम्ही जिथे येऊन अडकलात तिथे मीही बऱ्याच घरांबरोबर अडकून बसलेलो आहे.

तुमच्या निफाडकडचंच उदाहरण देतो. लाल कांद्याचं बी आणि उन्हाळ कांद्याचं बी तळहातावर घ्या. दोन्ही काळं, दोन्ही सारखंच. पाकिटावरचं नाव खोटं असेल तर ते पीक हातात आल्यावरच कळतं. लहान मुलांच्या मेंदूतल्या कितीतरी गाठींचं सूक्ष्मदर्शकाखाली असंच होतं. नेहमीच्या रंगात पेशी दिसतात त्या लहान, गोल, गर्द निळ्या, एकमेकींना खेटलेल्या. मेड्युलोब्लास्टोमा तसाच दिसतो, एटीआरटीचा बराच भाग तसाच दिसतो, ईटीएमआर नावाची त्याहून दुर्मीळ गाठही पुष्कळदा तशीच दिसते. एटीआरटीच्या ओळखीच्या म्हणून ज्या मोठ्या, केंद्रक एका कडेला सरकलेल्या पेशी असतात, त्या पुस्तकातल्या चित्रात ठसठशीत असतात. हाती आलेल्या तुकड्यात त्या चार-दोन असतात, कधी नसतातही. आणि इथे पीक येईपर्यंत थांबायची सोय नाही.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी १९२५ मध्ये दिलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं जगभर एटीआरटीची मुलं त्याच नावाखाली जात राहिली. मेड्युलोब्लास्टोमाच्या औषधांना ही मुलं का दाद देत नाहीत, ते कोणाला कळत नव्हतं. १९९० च्या दशकात ही वेगळी गाठ आहे हे मान्य झालं, आणि १९९८ मध्ये या जातीच्या गाठींच्या मुळाशी असलेला बिघाड सापडला : २२व्या गुणसूत्रावरचं एसएमएआरसीबी-१ हे जनुक. ते जनुक जे प्रथिन बनवतं त्यालाच आयएनआय-१ म्हणतात. काही रिपोर्टवर बीएएफ-४७ असं लिहिलेलं असतं, तेही तेच. एरवी शरीरातल्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन असतंच. एटीआरटीच्या पेशींतून ते गेलेलं असतं.

तपासणी म्हणजे त्याच ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचा, आणखी एक पातळ काप घेऊन त्यावर त्या प्रथिनाला चिकटणारा रंग टाकायचा. प्रथिन असेल तर केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर फिकं निळं राहतं. दोन-तीन दिवसांचं काम आहे. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट यात सगळ्यात आधी गाठीच्या पेशींकडे पाहत नाही, गाठीतल्या रक्तवाहिन्यांकडे पाहतो. वाहिन्यांच्या पेशी निरोगी असतात, त्या तपकिरी व्हायलाच हव्यात. त्या आपल्या साक्षीदार. त्याच रंगल्या नसतील तर रंग नीट बसलेला नाही, किंवा तुकडा टिकवायच्या द्रावणात, फॉर्मलिनमध्ये, नीट मुरला नव्हता, आणि तो निकाल धरायचा नसतो. एखादा पॅथॉलॉजिस्ट 'पुन्हा करावं लागेल' म्हणाला तर त्यामागे बहुधा हे असतं.

आता एक फसवी गोष्ट. डेंग्यू निगेटिव्ह आला की आपण पेढे वाटतो. आयएनआय-१ उलटं आहे. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' किंवा 'लॉस्ट' आलं म्हणजे प्रथिन गेलेलं आहे, आणि ते एटीआरटीकडे बोट दाखवतं. 'रिटेन्ड' किंवा 'पॉझिटिव्ह' म्हणजे प्रथिन जागेवर आहे आणि एटीआरटी जवळजवळ बाद होतो. 'जवळजवळ' म्हणायचं कारण, अगदी थोड्या मुलांत दुसरंच एक जनुक, एसएमएआरसीए-४, बिघडलेलं असतं. एका वडिलांनी 'निगेटिव्ह' वाचून माझ्या ओपीडीबाहेर नातेवाइकांना फोन करायला सुरुवात केली होती. त्यांना आत बोलावून समजावताना मला शब्द सापडत नव्हते. म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

नाव बदलणं किती सर्रास आहे याचा एक आकडा माझ्या कायम लक्षात असतो. २०१८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने गाठीच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा, म्हणजे मिथायलेशन, वाचून मेंदूच्या गाठी ओळखायची पद्धत प्रसिद्ध केली. नेहमीच्या पद्धतीने निदान झालेल्या गाठी तिने पुन्हा तपासल्या, तेव्हा १२ टक्क्यांपर्यंत रुग्णांचं निदान बदललं. ती निदानं नावाजलेल्या केंद्रांमधली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात तर बऱ्याच गाठींचं नाव आता जनुकाच्या तपासणीशिवाय पूर्णच होत नाही. त्यामुळे 'तुकडा एकच, मग नावं दोन कशी?' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की ज्याला कळतं तोच 'अजून एक तपासणी करा' म्हणतो.

नावावर एवढं का अडायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

समजा आयएनआय-१ टिकलेलं निघालं आणि गाठ मेड्युलोब्लास्टोमाच ठरली. तरी तिथे थांबायचं नाही, कारण मेड्युलोब्लास्टोमाही एक आजार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांत त्याचा 'डेस्मोप्लास्टिक नोड्युलर' नावाचा प्रकार बऱ्याचदा असतो. जनुकांवरून मेड्युलोब्लास्टोमाचे गट पाडतात, त्यात तो बहुतेक वेळा एसएचएच गटातला. यात नुसत्या किमोने, डोक्याला शेक न देता, मुलं मोठ्या संख्येने बरी होतात. युरोपातल्या चाचण्यांमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं वाचलेली आहेत. त्याच वयाच्या दुसऱ्या मुलात 'ग्रुप ३' हा गट निघाला आणि मिक नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्या, तर ती सगळ्यात अवघड लढाई. दोन्ही रिपोर्टवर शब्द एकच असतो. म्हणून 'मेड्युलोब्लास्टोमा' एवढंच लिहिलेला रिपोर्ट मी अर्धा रिपोर्ट धरतो. 'कोणता प्रकार, कोणता गट?' हे विचाराच.

आणि समजा एटीआरटी निघाला. मुलांच्या मेंदूच्या सगळ्या गाठींत तो एक-दोन टक्केच, पण तीन वर्षांखालच्या मुलांत त्याचं प्रमाण दहा ते वीस टक्के धरतात. त्याला थोड्या औषधाने जमत नाही. शक्य तेवढी गाठ काढायची, मग अनेक औषधांची कडक किमो, त्यानंतर मुलाच्याच रक्तातल्या मूळ पेशी आधी काढून ठेवून आणखी जबर डोसची किमो, आणि वय व गाठीची जागा पाहून फक्त त्या जागेपुरता शेक. अमेरिकेत याच पद्धतीने झालेल्या एका मोठ्या चाचणीत चार वर्षांनंतर ४३ टक्के मुलं जिवंत होती. हा आकडा ऐकून काही घरांत रडारड होते. मी विद्यार्थी असताना आम्हाला ही गाठ म्हणजे काही महिने असंच शिकवलं होतं, त्यामुळे मला तो आकडा वेगळा दिसतो. पण तो मिळतो ते सगळे टप्पे नीट पार पडले तरच, आणि ते टप्पे मुलाला आणि घराला फार सोलून काढतात. सगळ्यांना ते झेपतं असं नाही. गाठ आधीच पाठीच्या कण्यात पसरलेली असेल, मूल खूप अशक्त असेल, तर वेदना कमी करणारे उपचार घेऊन घरी राहणं हा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो. तो घेणाऱ्या आईबापांना 'तुम्ही सोडून दिलं' असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगायला हवी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दीड वर्षाच्या एका मुलीची गाठ मी काढली. रिपोर्ट मेड्युलोब्लास्टोमा आला. आयएनआय-१ त्या लॅबमध्ये होत नव्हतं, बाहेर पाठवायचं तर आठ-दहा दिवस लागणार होते, आणि मी 'वेळ नको घालवायला' म्हणून त्यांना तसंच किमोला पाठवलं. चार महिन्यांत गाठ परत आली. तेव्हा तोच जुना ब्लॉक बाहेर पाठवला. एटीआरटी होता. खरं नाव पहिल्या दिवशी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तिच्या आईबापांना मी चार महिने वेगळ्याच आजाराची गोष्ट सांगत होतो, आणि ते माझ्या घाईमुळे. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलाची गाठ पाठवताना विनंतीच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने 'आयएनआय-१ करावे' लिहितो. निवासी डॉक्टर हसतात. हसू देत.

म्हणजे तुमचे हे तीन-चार दिवस वाया चाललेले नाहीत. वाया जातात ते दुसरे दिवस : ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते कोणाला माहीत नाही, पैसे भरले नाहीत म्हणून काम अडलंय, सुट्टी आहे, सही राहिलीय. ते तुम्हीच मागे लागून वाचवायचे. दोन रस्त्यांपैकी कोणताही असला तरी ऑपरेशननंतरचा चौथा आठवडा संपायच्या आत पुढचे उपचार सुरू व्हावेत, असा माझा दंडक आहे. एटीआरटी काही आठवड्यांत पुन्हा वाढलेला मी पाहिला आहे. तुमच्याकडे अजून जेमतेम दोन आठवडे आहेत. पुरतात, पण ऐसपैस नाहीत.

या दोन आठवड्यांत काय करायचं? सगळ्यात आधी लॅबमधून पॅराफिनचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलात तर तिथून ब्लॉकसाठी पुन्हा नाशिकला पाठवतील. लॅब पावती करून ब्लॉक देते, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. मी काढलेल्या गाठीचा ब्लॉक घेऊन कोणी दुसरं मत घ्यायला गेलं तर मी उलट पत्र लिहून देतो. ब्लॉक म्हणजे मेणच असतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतो. एकाचं तसं झालेलं आहे. डबीत घालून पिशवीत, अंगाजवळ ठेवा. ऑपरेशनची नोट हवी, आणि सिटी-एमआरआयची फिल्म नव्हे तर सीडी. फिल्मवर पंधरा-वीस चित्रं असतात, सीडीवर शेकडो.

तुमच्या प्रश्नात सिटी स्कॅन आहे, एमआरआयचा उल्लेख नाही. पाणी वाढून मूल अत्यवस्थ असेल तर सिटीवरच ऑपरेशन करावं लागतं, ते मीही केलंय. पण पुढचं ठरवायला मेंदू आणि पूर्ण पाठीचा कणा यांचा, कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय लागतोच. या गाठी मेंदूच्या पाण्यातून खाली कण्यापर्यंत बिया पेरत जातात. ऑपरेशननंतर किती गाठ उरली हे पाहायचा चांगला काळ पहिले ४८ तास, फार तर ७२. त्यानंतर जखम भरताना तिथे जी चमक येते ती गाठीसारखीच दिसते. ती वेळ निघून गेली असेल तर जीव खाऊ नका, आता दोन आठवडे पूर्ण झाल्यावर करा. कण्यातलं ऑपरेशनचं रक्तही तोवर बरंचसं विरलेलं असतं, नाहीतर तेही फसवतं. पाठीतलं पाणी काढून त्यात गाठीच्या पेशी आहेत का तेही साधारण चौदाव्या दिवसानंतरच बघायचं. अडीच वर्षांचं मूल मशिनमध्ये पाऊणएक तास निपचित पडून राहणार नाही, भूल द्यावीच लागते. म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच सांगून एमआरआय आणि पाठीतलं पाणी दोन्ही एकाच भुलीत करून घ्या. पाठीतून पाणी काढणं सुरक्षित आहे का, हे स्कॅन पाहून सर्जन ठरवतील. 'डोक्यातल्या नळीतून पाणी काढलंय की, तेच तपासा' असं कोणी सुचवलं तर ते पुरत नाही. पाठीतल्या पाण्यात पेशी सापडायची शक्यता जास्त.

दोन छोट्या तपासण्या लोक विसरतात. एटीआरटी ठरला तर पोटाची सोनोग्राफी, कारण तसलीच गाठ मूत्रपिंडातही असू शकते. आणि सिस्प्लॅटिन हे औषध सुरू होण्याआधी कानाची बेरा तपासणी, कारण ते औषध ऐकू येणं कमी करतं. आधीची नोंद नसेल तर किती कमी झालं ते पुढे कळतच नाही.

मुंबई. तुमच्या बाबतीत माझं उत्तर 'हो'. ऑपरेशन नाशकात होतं, साधी किमोही होते. पण मूळ पेशींच्या आधाराने द्यायची जबर किमो, लहान मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ, मुलांच्या मेंदूच्या गाठी रोज पाहणारे पॅथॉलॉजिस्ट, भुलीखाली शेक देणारं पथक हे सगळं एका छताखाली हवं. परळचं टाटा मेमोरियल आणि त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक ही आपल्याला जवळची ठिकाणं. एकदा तिथे योजना ठरली की मधली रक्ततपासणी, ताप आल्यावर पहिलं सलाईन या गोष्टी नाशिकच्या डॉक्टरांकडे करता येतात. तशी चिठ्ठी तिथून मागून घ्या, नाहीतर दर तापाला कसारा ओलांडत बसाल. मेंदूचं ऑपरेशन झालेल्या, उलट्या होणाऱ्या लेकराला घाटातल्या वळणांचा त्रास होतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टळतो, गाडीने जाणार असाल तर तिकडून न्या. राहायची चिंता पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात सांगा. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून उपचार चालू असलेल्या मुलांच्या कुटुंबांना मोफत खोली देतात, पण तिथे रुग्णालयाच्या शिफारशीनेच जाता येतं.

पैशांचं थोडक्यात : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला ॲडमिट होतानाच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, बाळाचा जन्मदाखला एकाच पिशवीत ठेवा. शेत विकायचा विचार पहिल्या आठवड्यात करू नका.

शेकाचं. तीन वर्षांखालच्या मुलाला पूर्ण मेंदू आणि कण्याला शेक देणं आम्ही टाळतो. त्या वयात मेंदूतल्या तारांवरचं वेष्टण अजून चढत असतं. शेकाने ते बिघडतं, आणि मूल वाचलं तरी शिकणं, उंची, हार्मोन सगळ्यांवर कायमचा परिणाम होतो. मोठ्या मुलाच्या मेड्युलोब्लास्टोमात तो शेक उपचाराचा कणा आहे. तिथे पूर्ण मेंदू-कण्याला २३.४ ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप) किंवा धोका जास्त असेल तर ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रेपर्यंत देतात. तुमच्या भाच्याच्या वयात नाव कोणतं निघतं त्यावर ठरेल : डेस्मोप्लास्टिक असेल तर बहुधा शेक लागणारच नाही, एटीआरटी असेल तर गाठीच्या जागेपुरता द्यावा लागू शकतो. 'प्रोटॉनने (प्रोटॉन कणांनी द्यायच्या शेकाने) काही होत नाही' असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. प्रोटॉनमुळे गाठीपलीकडच्या निरोगी मेंदूला किरण कमी लागतात हे खरं, आणि अशा वयात तो मिळाला तर घ्यावा. चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरला २०२३ पासून तो आहे. पण गाठीला बसणारा मार तोच असतो. प्रोटॉनच्या रांगेसाठी महिना घालवणं एटीआरटीत परवडत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मामा आहात म्हणून लिहितो. अशा घरात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी आईला बोल लावतं. ग्रहण पाळलं नाही, पोटात असताना अमुक खाल्लं, मोबाइल पाहत बसायची. यातल्या कशानेही ही गाठ होत नाही. बहुतेक मुलांत जनुकाचा बिघाड त्या गाठीतच झालेला असतो. एटीआरटीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांत तो जन्मापासून सगळ्या पेशींत असतो, पण तोही बहुधा त्या मुलात नव्याने उपजलेला, आईवडिलांकडून आलेला नव्हे. रक्ताच्या तपासणीने ते कळतं, आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर ती करून घ्यावी. बहिणीला कोणी बोललं तर तुम्ही मध्ये पडा. माझ्या ओपीडीत सासूबाईंना हे सांगायचं काम मी किती वेळा केलंय त्याची गणती नाही.

जंतांच्या औषधाबद्दलही कोणाला दोष देत बसू नका. उलट्या होणारं मूल रोज पन्नास बघणाऱ्या डॉक्टरला त्यातलं हे एक ओळखणं कठीण असतं. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी खूण सांगतो : जुलाब नाहीत, ताप नाही, उलटी पहाटे किंवा उठल्या उठल्या, उलटी झाली की मूल हलकं होऊन खेळायला लागतं, आणि हे दोन आठवडे टिकलंय. त्यात चाल बिघडली, मान एका बाजूला कलली, नवा तिरळेपणा आला किंवा तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढू लागलं, तर स्कॅन करा. डेक्सामेथासोनच्या गोळीने सूज उतरते, मूल दोन दिवसांत ताजंतवानं दिसतं आणि घरचे स्कॅन पुढे ढकलतात. तसं करू नका. ब्रिटनमध्ये हेडस्मार्ट नावाची मोहीम राबवून हीच लक्षणं पालकांना आणि डॉक्टरांना घोकवली, तेव्हा निदानाला लागणारा मधला काळ १४.४ आठवड्यांवरून ६.७ आठवड्यांवर आला. आपल्याकडे त्यात आणखी एक पेच असतो, टीबीचा. मेंदूतली टीबीची गाठही पाणी तुंबवते, उलट्या करते. घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, पण नुसत्या अंदाजावर टीबीची औषधं सुरू करून महिनोन्‌महिने वाट पाहू नका.

आता त्याचं बोलणं. तुमच्या घरात सध्या याचीच भीती सगळ्यात जास्त असणार. लहान मेंदूच्या मधल्या भागातली गाठ काढल्यावर काही मुलं एक-दोन दिवस बोलतात आणि मग एकदम मुकी होतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं. सोबत चिडचिड, बारीक किंचाळून रडणं, अंग ढिलं पडणं, गिळायला त्रास. लहान मेंदूतून पुढच्या मेंदूकडे जाणाऱ्या तारांना धक्का बसतो, म्हणून. गाठ त्याच तारांना चिकटलेली असते, त्यामुळे सर्जन कितीही सावध असला तरी हे टळेलच असं नाही. माझ्या हातूनही झालेलं आहे. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत आवाज परत येतो. आधी रडण्याचा सूर बदलतो, मग एखादा शब्द येतो, मग सावकाश, जड जिभेने वाक्य. पूर्वीइतकं स्पष्ट सगळ्यांचंच होत नाही. यावर खात्रीचं औषध नाही. वाचाउपचार आणि फिजिओथेरपी आत्तापासून सुरू करा, किमोची वाट पाहू नका. त्याला ऐकू येतं आणि कळतं, असं धरून त्याच्याशी बोला. त्याच्या पलंगाशी बसून टक्क्यांची चर्चा करू नका.

मात्र गप्प असणं वेगळं आणि गुंगीत असणं वेगळं. डोळे उघडत नाही, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, ताप आला, जखमेतून पाणी झिरपतंय, यातलं काहीही असेल तर ते पाणी तुंबल्याचं किंवा जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. रात्र असली तरी सर्जनना फोन करा. आणि भरवताना त्याला उभं बसवा. चमचाभर पाण्यानेही ठसका लागत असेल तर तोंडाने देणं आजच थांबवून वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा. नाकातली नळी काही आठवडे राहिली तरी चालेल, अन्न फुफ्फुसात गेलं तर किमो लांबते.